पावणीतली अंगठी

आमच्या देवळात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं उरकली की पावणी होते. देवाला वाहिलेली लुगडी, केळीचे घड, फणस, कोहळे यांचा तिथेच मंडपात लिलाव करायचा आणि येईल तो पैसा देवळाच्या कामाला लावायचा, अशी जुनी पद्धत. बोली पुकारायचं काम गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. आणि बावीस वर्षं गोकुळदास माझ्या डोक्यावर बसलेला आहे.

गोकुळदास म्हणजे सरकारी बसचा निवृत्त कंडक्टर. धारगळच्या थांब्यावर त्याने ‘मागे सरा’ म्हणून हाक दिली की बसमधलीच काय, रस्त्यावरची माणसंही दोन पावलं मागे सरत. हा आवाज घेऊन तो पावणीला पहिल्या रांगेत बसायचा आणि कोणाला काय मनापासून हवंय ते हेरायचा. एखादी बाई देवीच्या लुगड्याकडे लेकीच्या लग्नाच्या आशेने बघत असली की ह्याची बोली आलीच. ती शंभर म्हणाली की हा दीडशे, ती दोनशे म्हणाली की हा अडीचशे. तिच्या घशाला कोरड पडेपर्यंत चढवायचं आणि नेमकं शेवटच्या क्षणी गप्प बसून पानाला चुना लावायचा. एवढ्या वर्षांत त्याने पावणीत एक लिंबूसुद्धा घेतलं नाही.

मी एकदा रागावून विचारलं, तर म्हणाला, “दत्ताराम, देवाक चार पैशे चड मेळतत, तुझ्या पोटात कित्याक दुखता?”

देवाला जास्त मिळत होते हे खरं, म्हणून कोणाला बोलता येत नव्हतं. सगळ्यात जास्त पोळला होता तो सखाराम, ज्याचं हमरस्त्याला टायरचं दुकान आहे. त्याच्या आईला देवाचा फणस हवा होता. गोकुळदासाच्या कृपेने तो फणस चार हजारांना पडला, आणि कापला तर बरका, गिळगिळीत गऱ्यांचा निघाला. तेव्हापासून सखाराम त्याच्या नावाने दात खात होता.

यंदा पालखीच्या वेळी आरतीच्या तबकात कोणीतरी सोन्याची अंगठी टाकली. हिरव्या खड्याची, नाजूक, बाजारभावाने तीसेक हजारांची. कोणी टाकली ते कळलं नाही, पण आमच्याकडे नवस फेडणारा दवंडी पिटत नाही, त्यामुळे कोणी चौकशी केली नाही. सोनं देवळात ठेवायचं तर कपाटाच्या चाव्या कोणाकडे यावरून वर्षभर भांडणं, म्हणून समितीने ती पावणीत काढायची ठरवली.

पावणीच्या दिवशी सकाळी सखाराम माझ्याकडे आला आणि आम्ही कट केला. हो, कटच. त्याला दुसरा शब्द नाही आणि मी सभ्यपणाचा आव आणणार नाही. सुनेला अंगठी हवी असल्याचं सोंग सखारामाने करायचं, गोकुळदासाला चढवत न्यायचं आणि मग अख्ख्या मंडपाने तोंडाला कुलूप लावायचं. कानोकान निरोप गेले. लहान पोरांनासुद्धा माहीत होतं.

सखारामाने सोंग झकास वठवलं. कपाळाचा घाम काय पुसला, सुनेकडे वळून काय बघितलं! चाळीस हजारांवर येऊन त्याने आवाज अगदी रडवेला केला. गोकुळदास खुशीत ओरडला, “एकेचाळीस!”

एरवी मी ‘एक वार’ आणि ‘दोन वार’ यांच्यामध्ये एक विडी ओढून होईल इतका वेळ घेतो. त्या दिवशी एक वार, दोन वार, तीन वार एका दमात म्हणून मोकळा झालो. गोकुळदासाचं पान तोंडातच राहिलं. मंडपात कोणी हसलं नाही, इतकं आम्ही शिस्तीत होतो. घरी गेल्यावर मात्र मी पोट धरधरून हसलो, हेही कबूल करतो.

पावणीचा पैसा दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत भरायचा, देवाचं येणं अंगावर ठेवायचं नाही, हा नियम. गोकुळदासाने सकाळीच पतसंस्थेत जाऊन तीच अंगठी गहाण ठेवली, वर आपल्या पुंजीतले घातले आणि पैसे आणून माझ्या हातावर आपटले. मी पावती दिली. आम्हाला वाटलं, खेळ संपला.

आठवड्याने गोकुळदासाला पोलिसांची नोटीस आली. डिचोलीजवळ सर्वणला विनोदिनीबाई म्हणून एक शिक्षिका राहतात. त्यांच्या घरी महिन्यापूर्वी चोरी झाली होती. चोरीच्या दागिन्यांचे फोटो पोलिसांनी सगळ्या सोनारांना आणि पतसंस्थांना पाठवले होते. हिरव्या खड्याची अंगठी त्यात होती.

मग काय, आमच्या वाड्यावरचा, म्हणजे वस्तीतला, प्रत्येक माणूस वकील झाला. चहाच्या गाड्यावर कॉलेजात जाणाऱ्या प्रथमेशने मोबाईलवर कलम शोधून मोठ्याने वाचलं. चोरीचा माल जवळ बाळगला तर तीन वर्षं! गोकुळदास पांढराफटक पडला. “आनी त्या तीन वर्सांत पेन्शन गावता काय रे?” त्याने विचारलं. सगळे हसले, तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं. गेटाशी गाडी थांबली की तो मागच्या दाराने माडांत जाऊन उभा राहायचा. मला रात्री झोप येईना. चेष्टा केली होती, माणसाला तुरुंगात घालायचं नव्हतं.

नोटिशीच्या तारखेला मी पावणीच्या हिशेबाची वही घेतली, सखारामाने गाडी काढली, आणि आम्ही गोकुळदास व त्याची बायको जानकी यांच्याबरोबर पोलीस ठाण्यावर गेलो. जानकी अबोल बाई. वाटभर हातातला रुमाल पिळत होती.

तिथे तनया मॅडम म्हणून तरुण फौजदार होत्या. त्यांनी वही पाहिली, पावती पाहिली आणि खुर्ची पुढे ओढली.

“गोकुळदासबाब, अंगठी तिसांची. तुमी एकेचाळीस दिल्यात. आनी दुसऱ्याच दिसा गहाण. शाणो मनीस असां करता?”

गोकुळदासाने खिशातली पानाची पुडी काढली आणि तशीच परत ठेवली.

“मी सांगतंय काय झाला असतला तां. तुमीच ती तबकात घातलास आनी तुमीच पावणेत घेतलास. देवळाची पावती मेळ्ळी, चोरीचो माल निवळ झालो. वर अकरा हजार गेले तरी बाकीचे दागिने त्याच पावतेर खपतले, फायदोच.”

मी हबकलो. ज्या पावतीवर आमची सगळी भिस्त, तीच त्याच्या गळ्याला लागली होती. आता त्याला सोडवेल अशी एकच गोष्ट उरली होती, की ती अंगठी त्याला नकोच होती. ते सांगायचं तर आमचा कट सांगायला हवा. मी सखारामाकडे बघितलं. बोलला तो सखाराम.

“मॅडम, ह्याका ती घेवपाचीच नव्हती. हो फकत आमका म्हाग करता. म्हणून आमी ठरवून गप रवलों आनी तेच्या गळ्यात मारली.”

“आमी म्हणजे कोण?”

“अख्खो वाडो,” मी म्हणालो. “मी धरून.”

आता हा सुटकेचा श्वास टाकील, असं मला वाटलं. पण गोकुळदासाचा चेहरा आणखी उतरला. तो ना माझ्याकडे बघत होता ना सखारामाकडे. तो जानकीकडे बघत होता.

“ह्यां खरां?” मॅडमनी विचारलं. “अंगठी तुमका नाका होती, असां लिवन घेवं? सही करशात?”

“लिवपाकच जाय?” तो कसाबसा म्हणाला. “माका जाय होती मॅडम. बायलेक घेतलंय ती.”

ती हवी होती, हे धडधडीत खोटं ऐकून सखाराम चरफडला. “अरे, सुटतंस मरे! कित्याक फट उलयतंस?”

मला मात्र तेव्हा उमगलं. पावणीहून घरी गेल्यावर हा गाढव फजिती सांगणार कशी? तपशील मागाहून कळला, त्याने अंगठी जानकीसमोर ठेवून सांगितलं होतं, ‘तुका घेतलंय.’ सकाळी ती बोटात जाईना, तेव्हा ‘सोनाराकडसून व्हडली करून हाडतंय’ म्हणून घेऊन गेला आणि गहाण ठेवून आला. आता सुटायचं तर तिच्यासमोर लिहून द्यायला हवं होतं की ती तिच्यासाठी नव्हतीच. तीन वर्षांच्या कलमाला भ्यायलेला हा माणूस त्या एका ओळीला जास्त भीत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्याची कणव आली, आणि माझी स्वतःची लाज वाटली.

जानकीने रुमाल मांडीवर ठेवला. “लिवन घेया, मॅडम. तां खरां.”

“तुका कोणी सांगला?” गोकुळदासाने विचारलं.

“सांगूक कित्याक जाय? अंगठी माझ्या करंगळेत सुदीक जायना. माझ्यासाठी घेतली जाल्यार बोट तरी बघितला असतास.” मग ती म्हणाली, “पूण एक सांज माका खरां दिसलां. माका बरां दिसलां.”

मॅडमनी मान खाली घालून लिहायला घेतलं. विनोदिनीबाईंना त्यांची अंगठी मिळणार आणि गोकुळदास आरोपी नाही, साक्षीदार होणार, असं त्यांनी समजावून सांगितलं. जबाब वाचून दाखवला. मी सही केली, सखारामाने केली. गोकुळदासाने पेन हातात घेतलं आणि सही न करताच बायकोकडे वळला.

“जानकी,” त्याने आम्हा सगळ्यांच्या देखत विचारलं, “तुझ्या बोटाचां माप कितलां गे?”

“आदी सही करा,” जानकी म्हणाली. “घराकडे गेल्यार दोऱ्यान मेजून दाखयतंय.”