पिवळ्या पाठीचा भाडेकरू

महलॉन किसलरला कुणी साधं "कसा आहेस?" म्हणून विचारलं, तरी तो आधी विचारणाऱ्याच्या हातांकडे बघायचा. याला काय हवंय, काय लपवलंय, ते ताडायचा आणि मग म्हणायचा, "का? कुणी काय सांगितलं?"

मी त्याची शेजारीण, व्हर्ना. आमच्या दोघांच्या मधे एक कुंपण आणि माझ्या घेवड्याचे वेल. त्याची बायको मिरियम होती तोवर ती त्याच्या वतीनं लोकांची माफी मागत फिरायची. ती गेल्यापासून माफी मागायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय.

जन्मभर या माणसानं छपरांवर दगडी पाट्या बसवल्या. गावात गळणारं छप्पर असलं की महलॉनला बोलवायचे. तो वर चढायचा, कान लावून बसायचा आणि म्हणायचा, "पाणी मुरतंय. पण जिथं टपकतंय तिथं नाही." आणि खरंच, गळती भलतीकडेच निघायची. तोच नियम त्यानं माणसांना लावला. पाववाल्यानं एक पाव जास्त दिला, पाणी मुरतंय. पाद्री दोनदा भेटायला आले, पाणी मुरतंय. अरे, माणूस मायेनं येतो कधीतरी! पण त्याला कोण सांगणार?

त्या उन्हाळ्यात त्याच्या पोर्चखाली ग्राउंडहॉग शिरला. आमच्या पेनसिल्व्हेनियात हा प्राणी ठाऊक नाही असं घर नाही. दिसायला घुशीचा थोरला चुलता, अंगानं बोक्याहून जाड, आणि खणायला लागला की थांबत नाही. यानं पायरीशेजारी बिळाचं तोंड पाडलं आणि उकरलेल्या मातीचा ढीग थेट मिरियमच्या गुलाबांवर टाकला. बघता बघता पोर्चचा एक खांब खचला आणि कोपरा तिरका झाला.

दुसरा कुणी असता तर बंदूक काढली असती. पण महलॉनचं तसं नव्हतं. आमच्याकडे फेब्रुवारीत पुरुषमंडळींची ग्राउंडहॉगच्या नावानं पंगत बसते. आजोबांच्या जुन्या जर्मन बोलीत भाषणं होतात, पोट फुटेस्तोवर जेवण होतं आणि मग सगळे उभे राहून उजवा हात पंजासारखा वाकवतात आणि त्या प्राण्याशी इमान राखायची शपथ घेतात. बाकीच्यांना ती गंमत. महलॉनला नाही. ती शपथ वर्षानुवर्षं तोच सगळ्यांना देत आलाय.

"तोंडानं शपथ द्यायची आणि हातानं गोळी घालायची?" तो मला म्हणाला. "मी काय निवडणुकीला उभा आहे?"

"मग पिंजरा लाव."

"तुला बरी घाई झालीय माझ्या पोर्चची!"

घाई त्यालाच होती, आणि का होती ते मला ठाऊक होतं. सप्टेंबरच्या पहिल्या सुट्टीला त्याची मुलगी ग्लेंडा येणार होती. ओढ्यापलीकडे लाल विटांचा वृद्धाश्रम आहे, पुढे ही भली मोठी हिरवळ. ग्लेंडानं तिथली एक खोली बघून ठेवली होती. मागच्या खेपेला ती स्पष्टच बोलली होती, "पॉप, या घरात तू एकटा पडलास-बिडलास तर मला कळणार कसं? आता एक जरी गोष्ट मोडलेली दिसली, तरी मी तुला इथं ठेवणार नाही." आणि इथं अख्खा पोर्चच कलायला लागला होता.

त्यानं पिंजरा लावला, आत खरबुजाची फोड ठेवली. सकाळी स्वारी आत, दात विचकून शिट्ट्या मारतेय. महलॉननं पिंजरा गाडीत टाकला, पूल ओलांडला आणि त्याला सोडला कुठं? वृद्धाश्रमाच्या हिरवळीवर!

"खणू दे त्यांना," परत येऊन तो हात झटकत म्हणाला. "माझ्यासाठी खोली रिकामी ठेवलीय ना? ही घ्या आमची भेट."

मी पोट धरून हसले. पण दोन दिवसांनी पायरीपाशी पुन्हा ताजी माती. पुन्हा पिंजरा, पुन्हा खरबूज, पुन्हा हिरवळ. आणि पुन्हा माती! तेव्हा महलॉन कुंपणापाशी येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे असं बघायला लागला, की घेवडा तोडता तोडता माझे हात थांबले.

"व्हर्ना, तू ग्लेंडाला फोन करतेस."

"करते. पोरगी विचारते, मी सांगते."

"काय सांगतेस?"

"बाप जिवंत आहे, आणि अजून तितकाच खडूस आहे."

"त्याला कुणीतरी परत आणून सोडतंय," तो आवाज खाली आणून म्हणाला. "पोर्च पडला की मी पलीकडे. घर रिकामं. कुणाच्या तरी पथ्यावर पडणार आहे हे."

माझा संताप संताप झाला. याच्या आजारात मी सूप पोचवलं, मिरियमच्या शेवटच्या महिन्यात मी तिची वेणी घातली, आणि हा मला म्हणतो मी पिंजरे वाहते! "डोकं फिरलंय तुझं!" मी ओरडले. "या वयात मी ते जनावर मांडीवर घेऊन पुलावरून येऊ? मरो तो तुझा पोर्च!" घेवड्याची टोपली तिथंच आपटून मी घरात निघून आले. फार लागलं मला ते. संध्याकाळचं जेवणसुद्धा गेलं नाही.

सकाळी दारात महलॉन. हातात टोपली, घेवडा नीट निवडलेला. माफीबिफी नाही. म्हणाला, "गाडीत बस. तू माझ्या नजरेसमोर असलीस की मला बरं. उद्या तू निर्दोष निघालीस तर तुझाच फायदा."

जायला नको होतं, पण गेले. मागच्या सीटवर पिंजरा, पिंजऱ्यात तो. या खेपेला महलॉननं छपरांवर खुणा करायचा जुना पिवळा रंग आणून गजांमधून त्याच्या पाठीवर फवारला होता. "आता आणू दे कुणी परत," तो म्हणाला. "ओळख पटेल." वृद्धाश्रमाच्या हिरवळीवर तो पिवळ्या ढुंगणाचा धावत सुटला, आणि बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या.

मग महलॉननं अलीकडच्या तीरावर पुलाच्या तोंडाशी दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या. त्या दिवशी तिथं बसलो, दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा जाऊन बसलो. थर्मासमधे कॉफी, पावावर सफरचंदाचा मुरंबा. गाडी आली की हा वाकून आत डोकावायचा. दूधवाल्याला थांबवलं, पाद्रीबाबांना डिकी उघडायला लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"महलॉन, पुरे आता."

"शू!"

पुलाच्या कडेनं, कठड्याला अंग घासत, काहीतरी येत होतं. मधेच मागच्या पायांवर उभं राहायचं, नाक वर करायचं, पुन्हा चालायला लागायचं. पाठ पिवळीधम्मक. बरोबर कुणी नाही. ना गाडी, ना पिंजरा, ना माझा मेला कुठला डाव. आमच्या खुर्च्यांना वळसा घालून तो महलॉनच्या गल्लीत वळला आणि आपल्या घरी निघाला.

महलॉन खुर्चीतून उठून त्याच्या पाठमोऱ्या पिवळ्या पाठीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "स्वतःच्या पायांनी."

"मग? माझी माफी?"

"खुर्ची घडी कर," तो म्हणाला. पण माझी खुर्ची त्यानंच उचलली, थर्मासही. चाळीस वर्षांत मला मिळालेली ही सगळ्यात मोठी माफी.

त्यानंतर त्यानं पिंजरा लावलाच नाही. मी कितीदा म्हटलं, अरे ग्लेंडा यायची वेळ झाली, निदान खांबाला टेकू तरी लाव. "बघू," म्हणायचा.

ग्लेंडा आली. पहिल्याच पायरीवर तिचा पाय खचकन आत गेला. ती वाकली, बीळ बघितलं, तिरका खांब बघितला आणि पर्समधून वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक काढून टेबलावर ठेवलं. तेवढ्यात पायरीखालून तो बाहेर आला, माझ्या घेवड्याकडे निघाला. पाठ अजून पिवळी.

"पॉप, हे काय? रंगवलंयस त्याला?"

"मीच रंगवला," महलॉन म्हणाला. "तीनदा नेऊन सोडला पलीकडे. तुझ्या त्या हिरवळीवर. खायला-प्यायला सगळं आहे तिथं, कुत्री नाहीत, कोणी दगड मारत नाही. तिन्ही वेळा चालत परत आला. या व्हर्नाला विचार."

"हो गं," मी म्हटलं.

महलॉननं ते पत्रक उचललं, उलटसुलट केलं आणि तिच्या हातात परत दिलं. "मलाही ने. मी भांडणार नाही. म्हातारा झालोय, पायरी मोडलीय, तुझं खरं आहे. फक्त एक कर. माझ्या पाठीवर थोडा रंग मार. म्हणजे पुलावर दिसलो की ओळखशील."

ग्लेंडा हसायला गेली, आणि तिला रडूच फुटलं. बापाच्या त्या मोडक्या पायरीवर बसून ती लहान पोरीसारखी रडली. महलॉन बाजूला उभा, हात कुठं ठेवावा ते कळेना. शेवटी त्यानं तो तिच्या डोक्यावर ठेवला. मग तिनं डोळे पुसले, सुताराला फोन लावला आणि बजावलं, "खांब नवीन घाला, पण बिळाचं तोंड बुजवू नका. आत कोणीतरी राहतं." पत्रक पर्समधे गेलं.

ती गेल्यावर तिची गाडी वळणापलीकडे दिसेनाशी होईस्तोवर महलॉन फाटकाशी उभा होता. मग कुंपणापाशी आला.

"व्हर्ना," तो हळूच म्हणाला, "इतक्या सहज कसं मानलं गं तिनं? पाणी मुरतंय कुठंतरी."