वनमालेऐवजी क्षमा

वनमाला तावडे भांडुपच्या कोकणनगरात भाऊ-वहिनीकडे राहायची आणि मुलुंडच्या एका औषध कंपनीत टायपिस्ट होती. रविवारी आठवड्याचे कपडे धुवायचे, वहिनीला मासळी साफ करून द्यायची, दुपारी आडवं व्हायचं. रविवारचं आणखी काही करता येतं, हे तिला चौऱ्याऐंशी साली क्षमा दातारने दाखवलं.

क्षमा त्याच कंपनीत अकाउंट्सला होती. मुलुंड पूर्वेची, वडील प्रोफेसर, बोलायला चटपटीत. ती डोंगर चढणाऱ्या एका मंडळात जायची आणि मंडळात मुली कमी पडायच्या म्हणून तिने वनमालेला चल म्हटलं. वनमालेचा भाऊ काशीराम हो म्हणणार नाही हे कळल्यावर क्षमा स्वतः कोकणनगरात आली. वहिनीच्या हातचे घावणे आवडीने खाल्ले आणि म्हणाली, "दादा, ती माझ्या जबाबदारीवर. जशी नेते तशी आणून सोडते."

"आणि रात्रीचा ऱ्हवाचा झाला तर?" काशीरामने विचारलं.

"मुली गावातल्या देवळात, मुलगे वर गुहेत. आमचा नियमच आहे तसा."

असा कुठलाही नियम नव्हता. गुहेत सगळे एकाच ओळीत झोपायचे, दमून मेल्यासारखे. हे कळल्यावर वनमालेने विचारलं तेव्हा क्षमा म्हणाली, "घरी असंच सांगायचं असतं गं. मीपण तेच सांगते." वनमालेला ते खटकलं, पण पुढे दर वेळी तीही घरी तेच सांगू लागली. जायचं तर होतं.

पहिला डोंगर गोरखगड. मुरबाडहून एसटीने देहरी गाव, मग रानातून चढ, पुढे घसरड्या मुरमाची सोंड आणि शेवटी उभा कातळ. त्यात कुणी जुन्या काळी खोदलेल्या पायऱ्या, काही धड, काही इतक्या झिजलेल्या की नुसत्या खोबणी उरलेल्या. हिवाळ्यातल्या रविवारी तिथे मुंबईच्या पोरांची रीघ लागायची आणि निम्मी पोरं कातळाखालीच बसून राहायची. वनमालेने चपला काढून पिशवीत टाकल्या आणि अनवाणी चढली. कणकवलीकडे लहानपणी काजूच्या झाडांवर आणि जांभ्याच्या कड्यांवर चढलेले पाय होते ते. खोबणीत बोटं रुतवायची, पाय सापडेपर्यंत हात सोडायचा नाही, एवढं तिला कुणी शिकवावं लागलं नाही. खाली दरी होती. पण ती खाली बघत होती ते भीतीने नाही, मजेने. मंडळाचा पुढारी मधुकर पाध्ये खालून म्हणाला, "ही कुठून आणलीस गं क्षमा?"

दोन वर्षांत अवघड जागी पुढे जाऊन दोर लावायचं काम वनमालेकडे आलं. क्षमा मागून यायची, वरून वनमाला दोर धरायची. क्षमाचे पाय कधी कधी कातळावर लटपटायचे. त्यावर वनमाला कुणासमोर कधी काही बोलली नाही.

शहाऐंशी साली हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या कोर्ससाठी मंडळाला मुलींची एक जागा मिळाली. मधुकरने वनमालेचं नाव दिलं. ऑफिसने रजाही मंजूर केली. सगळ्यांत आधी तिला मिठी मारली ती क्षमाने.

आठवडाभरात एका संध्याकाळी ती घरी आली तर काशीराम दारातच उभा होता.

"देवळात निजतंव म्हणून सांगलंस, ह्या खरा की खोटा?"

"खोटा," वनमाला म्हणाली. त्याला तेवढं उत्तर पुरलं. "आता डोंगर बंद," तो म्हणाला. "हिमालय नको आणि काय नको."

ती रात्रभर रडली. आपण खोटं बोललो, हे खरंच होतं, म्हणून तिला भांडताही येईना. दुसऱ्या दिवशी क्षमाने तिला कॅन्टीनमध्ये नेलं, पाठीवरून हात फिरवला. "कुणीतरी चुगली केली असणार. लोकांना बघवत नाही यार." जागा फुकट जाऊ नये म्हणून मंडळाने क्षमाचं नाव दिलं, तेव्हा वनमालेनेच तिला म्हटलं, "जा तू. आपल्यातलंच कुणीतरी जातंय ना." आणि तिच्यासाठी लोकरीची टोपी विणायला घेतली.

टोपी देऊन झाली, क्षमा गेलीही. मग घरात वनमाला दुसऱ्या रंगाचे मोजे विणायला बसली, ती परत येईल तेव्हा द्यायला. वहिनी प्रेमा दोन-तीन दिवस ते बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"गे वनू, ठेव त्या सुया. तू ऑफिसात होतंस तेव्हा ती इल्ली. तिनाच ह्यांका सांगल्यान."

"कोण?"

"क्षमा. म्हणाली, माका बहिणीसारखी म्हणून सांगतंय, मी देवळातच निजतंय, पण तुमची वनू वर गुहेत निजता आणि तुमका फसवता. माका गप ऱ्हवाक सांगितला ह्यांनी."

वनमालेने सुया बाजूला ठेवल्या. तिला आधी आठवले ते घावणे. याच चटईवर बसून खाल्लेले. ते खोटं ज्या तोंडाने क्षमाने पढवलं, त्याच तोंडाने तिने ते वनमालेचं म्हणून विकलं होतं.

क्षमा परतल्यावर मंडळाने गोरखगडाची सहल ठेवली. वनमालेने काशीरामला विचारलं नाही. "मी जातंय, रात्री येतंय," एवढंच सांगून ती पहाटे निघाली.

वर गुहेपाशी चाफ्याच्या झाडाखाली क्षमा सगळ्यांना बर्फाच्या गोष्टी सांगत होती. डोक्यावर तीच टोपी. वनमाला आल्यावर ती उठून पुढे आली, हात पसरून.

"दादाला तू सांगितलंस?" वनमालेने विचारलं.

क्षमाने हात खाली घेतले. "इथे नको ना."

"इथेच."

"तुझं लग्न ठरलं की तू सोडणारच होतीस," क्षमा हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या घरी कोण पाठवणार होतं पुढे? मला दुसरी संधी नव्हती गं. वयाची अट होती."

"मला सांगायचं होतंस. मी दिली असती जागा."

क्षमा रडायला लागली. मधुकर मध्ये पडला, म्हणाला, झालं ते झालं, डोंगरावर भांडायचं नसतं. वनमालेने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की त्यालाही फार आश्चर्य वाटलेलं नाही. सुळक्याचा शेवटचा कातळ ती कुणाच्याही दोराशिवाय चढली. वर महादेवाच्या देवळापाशी थोडा वेळ बसली आणि खाली आली ती थेट देहरीच्या एसटीत.

रात्री काशीराम जेवायचा थांबला होता. तिने सगळं सांगितलं, खोटं कुणी पढवलं तेही. त्याने तिच्या ताटात भात वाढला. मग म्हणाला, "पुढच्या वेळेक मी येतंय तुझ्यावांगडा."

"नको," वनमाला म्हणाली. "ती परकी. तू तरी माका विचारूचा होतंस."

त्यानंतर त्याने तिला कधी अडवलं नाही. मंडळातून निरोप आले, ती गेली नाही. महिन्यातला एखादा रविवार ती एकटीच डोंगरात जायची. कुठल्या, ते फक्त प्रेमाला सांगून. ऑफिसात क्षमा टाइप करायचे कागद आणून टेबलावर ठेवायची, आणि वनमाला ते वेळेत, एकही चूक न करता, करून द्यायची.