मामंजींच्या मांडीवरची दुपार

माझ्या चुलतसासऱ्यांइतका (मी त्यांनाही मामंजीच म्हणायचे) सावकाश माणूस देवळाली प्रवऱ्यात तर नव्हताच, पण साऱ्या नगर जिल्ह्यातही सापडला नसता. सकाळी तोंड धुवायला बसले की बादलीत उतरलेल्या आभाळाकडे बघत राहायचे. उन्हं अंगणात आली तरी एक गाल कोरडाच. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून राहुरीची मोटार कोळशावर चालायची आणि चढ आला की उतारूंनाच ढकलावी लागायची. तीसुद्धा त्यांना चुकायची. परत येऊन ओसरीवर टेकत म्हणायचे, “उद्या बी जाईलच की ती!” उसाला पाणी द्यायला पाठवलं, तर पाणी सरीतून कसं पुढं सरकतं ते बघण्यात एवढे गुंगायचे की शेजाऱ्याचं रान भिजून जायचं. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. मी नवी सून, मला हसू आवरायचं नाही.

एका थंडीत माझ्या मुलीला सर्दी झाली. नुकती कुठं बसायला लागली होती. नाक असं चोंदलं की अंगावर घेतल्यावर जेमतेम एक घोट ओढायची आणि श्वास कोंडून रडत तोंड फिरवायची. वैद्य बघून गेले. म्हणाले, “दूध पोटात गेलं पाहिजे. थोडं थोडं, पण सारखं द्या. दिवस मावळेपर्यंत लंगोट ओला झाला नाही, तर नगरला न्या.” मी दूध काढून बोंडल्यात, म्हणजे बाळाला पाजायच्या चोचीच्या भांड्यात घेतलं, पण घाई नडली. भसकन ओतलं गेलं, तिला ठसका लागला, सगळं बाहेर. सासूबाईंच्या हातूनही तेच. दुपार झाली तरी लंगोट कोरडाच. रडतानाही तिच्या डोळ्यांत पाणी दिसेना, तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

ओसरीवर उन्हात बसलेले मामंजी म्हणाले, “आन हिकडं तिला. लई घाई करताय तुमी.”

“मामंजी, सकाळपासून पोटात काही नाही हो तिच्या!”

“व्हय. पर मला कुटं जायचंय?”

त्यांनी तिला मांडीवर घेतलं, डोकं उंच धरलं, कोमट पाण्याच्या फडक्यानं नाक पुसलं आणि बोंडल्यातून ओठांवर एक थेंब सोडला. तिनं तो चाटला. मग पाटाच्या पाण्याची गोष्ट सुरू झाली. “धरनातनं निघालं बग पानी... आता बाभळीखाली आलं... तितं जरा इसावलं...” पाणी थोडं पुढं सरकलं की एक थेंब, मग ती चोंदल्या नाकानं पुन्हा श्वास घेईपर्यंत थांबायचं. मी दूध आणून देत होते आणि खांबाला टेकून ऐकत होते. गुऱ्हाळाचा गोड धूर अंगणावरून तरंगत होता, उसाची पानं सळसळत होती. मला वाटलं, आमचं घरच त्या पाण्यावरून हळूहळू वाहत चाललंय.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा त्यांची हाक आली. “सूनबाई, पानी पोचलं गं!”

मी धावले. त्यांचं धोतर भिजलं होतं. मी हसत हसत रडले आणि तिला उचलायला वाकले, तर त्यांनी हात आडवा केला. “निजलीय. निजू दे. धोतर वाळंल.”

सर्दी गेली, पण मांडी तिनं सोडली नाही. चालायला लागल्यावर संध्याकाळी त्यांचं बोट धरून गाई आणायला पाटापर्यंत जायची. वाटेत मुंगी दिसली तरी दोघं थांबायची. गाई एकट्याच घरी यायच्या आणि अंधारून आल्यावर मागून ही दोघं.

आता मामंजी नाहीत, मुलगी सासरी नांदते. गाई येतात, मी दावी बांधते. दार मात्र लगेच लावत नाही.