हाड मऊ होईपर्यंत

प्रयोगशाळेत तिला सगळे सबुरीबाई म्हणत. रुग्णाच्या हाडाचा तपासणीला आलेला तुकडा आधी मऊ करायचा, मगच काचेवर लावायला त्याचे पातळ काप निघतात, आणि मऊ व्हायला आठवडा लागतो. डॉक्टर घायकुतीला आले की ती म्हणे, "हाड आहे हो, बटाटा नाही." सव्वीस वर्षं तिने कुणाची घाई चालू दिली नव्हती.

मणक्यात किंवा कवटीच्या तळाशी क्वचित होणाऱ्या कर्करोगाच्या एका गाठीचं मात्र तिला भय वाटे. गर्भात कणा तयार होण्याआधी एक मऊ दोरी असते. ती जन्माआधीच विरून जायला हवी. एखाद्यात तिचा कण उरतो, चाळीस वर्षं गप्प पडून राहतो आणि मग वाढू लागतो. काचेवर त्या पेशी फेसाळ दिसत. कूर्चेची एक सौम्य गाठही कधीकधी हुबेहूब तशीच दिसते. फरक एका रंगाने कळतो. पेशींची केंद्रं तपकिरी झाली, की ती भयाची गाठ; निळीच राहिली, की सौम्य. रंग नीट चढला का ते कळावं म्हणून प्रत्येक काचेवर शेजारी त्याच गाठीच्या एका जुन्या रुग्णाचा खात्रीचा तुकडा लावत. तो माणूस जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी त्याच्या पेशी दर खेपेला इमानेइतबारे तपकिरी होत. ती त्याला मनात 'काका' म्हणे आणि त्याच्याकडे फार वेळ बघत नसे.

मग तिच्या धाकट्या भावाला एकाची दोन माणसं दिसू लागली. कवटीच्या तळाशी गाठ निघाली आणि तुकडा तिच्याच टेबलावर आला. भावजय रोज फोन करी. "वन्सं, अजून किती दिवस? यांना घास उतरत नाहीये." तिला राहवलं नाही. तिने तुकडा कडक आम्लात टाकला आणि दुसऱ्याच दिवशी काप काढला.

काका तपकिरी झाले. भावाच्या पेशी निळ्याच राहिल्या. "सौम्य निघाली, बाई. सुटलात!" डॉक्टर म्हणाले. भाऊ फोनवर हसला, "आता मला दोन-दोन ताया दिसल्या तरी चालतील."

ती मात्र पुन्हा काचेवर वाकली. कडक आम्लात हाड लवकर मऊ होतं, पण रंग ज्याला धरतो तेच जळून जातं. हे तिनेच नव्या लोकांना कितीदा बजावलं होतं. ती निळी केंद्रं बघताना तिला वाटलं, कुणीतरी डोळे मिटून पडलंय, पण झोपलेलं नाही.

भावाच्या तुकड्याचा, आम्लात न गेलेला एक कण बाटलीत उरला होता. तो तिने सौम्य द्रवात ठेवला आणि कुणाला काही बोलली नाही. रोज सकाळी तिला वाटे, कण वाढलाय. मोजपट्टी लावली की तेवढाच.

नवव्या दिवशी दुपारी काच तयार झाली. दोन्ही तुकडे तपकिरी. कोणता काकांचा आणि कोणता भावाचा, हे क्षणभर तिला ओळखताच येईना.

तिने आधी डॉक्टरांपाशी सगळं कबूल केलं, मग भावाला फोन लावला. "मी घाई केली रे, गाठ सौम्य नाही," एवढंच बोलली आणि तिला रडू कोसळलं.

तो म्हणाला, "तू सांगितलं नसतंस तर कुणालाच कळलं नसतं, ना?"

"नसतं."

"मग तुझं सांगून झालं. हिला तू सांगू नकोस, ताई. मी सांगतो."