पाना, झेंडू आणि माझी खिडकी

खंडेनवमीची सकाळ, सातपूरचा स्टॉप, कंपनीची बस... आणि माझ्या खिडकीच्या सीटवर झेंडू बसलेला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. राज्यघटनेने मला पुष्कळ हक्क दिलेत, पण कंपनीच्या बसमधली ती खिडकी मी स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. तिथे आज आमच्या फोरमन भामरेनानांची फुलांची पाटी विराजमान, आणि मी डिग्रीवाली इंजिनिअर दांड्याला लोंबकळतेय.

"मॅडम, देवाचं काम शे," नाना म्हणाले. नाना मूळचे नामपूरकडचे, बोली अहिराणी. देवापुढे अपील नसतं... दांडा घट्ट धरला.

नाशिकबाहेर लढाऊ विमानं बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होते. हँगरमधली एकमेव बाई. चाचणीला विमान उडण्याआधीची शेवटची सही माझी.

त्या दिवशी हँगरमध्ये हत्यारांची पूजा थाटात झाली. पाटावर हातोड्या, पकडी, पाने मांडले, वर हळदकुंकू, झेंडू, नारळ. आमच्या घरी बुद्धवंदना, त्यामुळे मी मागे उभी राहिले... खोबरं मात्र निष्ठेने खाल्लं.

दसऱ्याची सुट्टी संपवून परत आलो, त्या सकाळी एका विमानाची चाचणी ठरलेली. पायलट हेल्मेट घेऊन हजर. मी सहीआधी हत्यारांच्या फळ्याकडे गेले.

या फळ्यावर प्रत्येक हत्याराची लाल रंगात आकृती काढलेली असते. हत्यार जागेवर नसलं की आकृती उघडी पडते. त्या सकाळी एक आकृती उघडी होती... करंगळीएवढ्या पान्याची.

आमच्यात नियम असा, की हरवलेलं हत्यार सापडेपर्यंत ते विमानातच आहे असं समजायचं. तो एवढासा पाना उडताना सरकून कंट्रोलच्या दांड्यांत अडकला, तर पायलटला विमान वळवता येणार नाही... पुढचं सांगायला नको.

मी सही केली नाही.

विमानाची झाकणं उघडली. टॉर्च मारून, आरसे घालून, पोटावर झोपून शोधलं. दुपार झाली, पाना नाही.

मग आमचे साहेब आले. विमानाशी त्यांची मुख्य ओळख भिंतीवरच्या कॅलेंडरातून. म्हणाले, "अहो, नाशकातून तसाच एक मागवा आणि टांगून टाका."

"त्याने फळा भरेल, सर. विमान रिकामं आहे हे कसं कळणार?"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझं प्रमोशन डोळ्यांदेखत उडालं... विमानाच्याही आधी.

हँगरमध्ये कुजबुज सुरू झाली. नाना मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारच्याला म्हणाले, "मॅडमले पूजा नको व्हती, आता विमान बी नको."

ते लागलं. पण लागल्याने सही होत नसते.

"नाना, पूजा तुम्ही रोज करा. पाटावरून उचललेलं फळ्यावर परत आलं, एवढं मला दाखवा."

नाना काहीतरी खमंग बोलणार होते... एकदम फळ्यावरच्या उघड्या आकृतीकडे पाहिलं. डबा न सोडताच ते उठले, गेटपास घेतला, कुणाची तरी मोटरसायकल मागितली आणि गेले.

परतले ते पेपरात बांधलेलं पुडकं घेऊन. पूजेचं निर्माल्य. गोदावरीत सोडायचं म्हणून त्यांनी घरी ठेवलं होतं. साहेबांच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, त्यांनी ते उघडलं... सुकलेला झेंडू, तांदूळ, आणि कुंकवाने माखलेला पाना.

"मीच मांडला व्हता पाटावर. फुलांखाली गेला, मी फुलांसंगे बांधून नेला. मॅडमची काही चूक नाय."

हे विसरता येत नाही. वाटेत तो पाना एखाद्या बाकाखाली सारणं त्यांना सहज जमलं असतं. "हा काय, मॅडमना दिसला नाही," म्हणून हँगर हसला असता, आणि पुढे माझ्या प्रत्येक नकाराचा विनोद झाला असता. एवढी हुशारी नानांकडे भरपूर होती... वापरली नाही. साहेबांनी त्यांना पोरासोरांदेखत झापलं, आणि आधीच रखडलेली त्यांची बढती आणखी रखडली.

मी पाना पुसला, टांगला, सही केली. विमान उडालं आणि परत आलं. "परत आलं" हे लिहायला किती सोपं आहे.

त्यावर आमचं कधी बोलणं झालं नाही. आभार मानले असते, तर नानांनी माझी टिंगल करून करून जीव नकोसा केला असता.

पुढच्या खंडेनवमीला स्टॉपवर मी रांगेत पुढे होते. खिडकी काबीज केली. मागून नाना पाटी सांभाळत चढले, मला पाहिलं आणि गर्दीतून मागे सरकू लागले. बस गच्च, फुलं दबत होती.

मी उठले. त्यांच्या हातातली पाटी घेतली आणि खिडकीच्या सीटवर नीट ठेवली.

"अहो मॅडम... बसा ना तुम्ही."

"देवाचं काम शे," मी म्हटलं, आणि कारखाना येईपर्यंत दांडा धरून उभी राहिले.