अपील म्हणजे ओरडणं नव्हे: शुगर लँड ते न्यू ऑर्लिन्स

मृण्मयीने मला मार्चमध्ये सोडलं. सप्टेंबरमध्ये त्यावर अपील करायला मी साडेतीनशे मैल गाडी हाणत न्यू ऑर्लिन्सला गेलो. "मी अपील करायला येतोय," हे मी तिला फोनवर अगदी असंच सांगितलं होतं. ती तिकडे लॉ करते. जरा हसली आणि म्हणाली, "अपील म्हणजे काय माहितीये का तुला? मंगळवारी मला अपील कोर्टात बसून नोट्स काढायच्यात, असाइनमेंट आहे. ये. बघ तरी."

मला माहीत होतं की! आठवीपर्यंत नाशिकला गल्लीत क्रिकेट खेळलोय, इथे ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये अजून रविवारी खेळतो. अपील म्हणजे दोन्ही हात वर करून अंपायरच्या अंगावर ओरडत जाणं. माझा आवाज दणदणीत आहे. त्याच आवाजात एका प्रोफेसरशी भांडून मी दुसऱ्या वर्षाच्या मध्यात इंजिनिअरिंग सोडलं, आणि तीन आठवड्यांत मृण्मयी गेली. त्यामुळे माझी केस सोपी होती. कॉलेज सोडलं म्हणून ती गेली. आता इलेक्ट्रिशियनकडे शिकाऊ म्हणून लागलोय, पहाटे पाचला उठतो. सबब, निकाल फिरवावा. नोकरीचं पत्र इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात होतं.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: सोमवारी निघायचं तर सहाच्या आत निघा, नाहीतर ह्यूस्टनचं ट्रॅफिक पार करण्यातच तासभर जातो. पुढे सरळ आय-टेन हायवे. बोमाँटला पेट्रोल भरा, लाफायेतच्या आसपास कुठल्याही पंपावर बूदँ मिळतं, म्हणजे भात आणि मांस भरलेलं गरम सॉसेज. शाकाहारी असाल तर घरून पराठे न्या. त्यानंतर दलदलीवरचा तो मैलोन्‌मैल पूल. दोन्ही बाजूंना पाण्यात उभी झाडं, थांबायला जागा नाही, वळायला नाही. मी तिथे माझं भाषण मोठ्याने म्हणून पाहिलं. फार छान झालं. बॅटन रूजच्या पुलावर पाऊण तास अडकलो, तेव्हा आणखी दोनदा म्हटलं.

मंगळवारी सव्वाआठला मृण्मयी कोर्टासमोरच्या चौकात बाकावर बसलेली दिसली. केस कापले होते. माझं भाषण तिथेच अर्धं उडालं.

"शर्ट कुणी इस्त्री केला?" तिने विचारलं.

"मीच."

"बाही राहिलीये."

आत जायला पैसे लागत नाहीत. ओळखपत्र दाखवायचं, फोन बंद करायचा, गप्प बसायचं. तिसरी गोष्ट मला जड जाते हे तिला माहीत होतं. थांबलो असताना तिने समोरच्या पांढऱ्या दगडी इमारतीकडे बोट दाखवलं. "पूर्वी जज्ज घोड्यावरून गावोगाव फिरून कोर्ट भरवायचे, म्हणून सर्किट, म्हणजे फेरी. हे पाचवं. एकेकाळी टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंत यांचंच होतं. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घ्या, असे हुकूम इथून निघाले. त्या जज्जांशी शेजारीपाजारी बोलणं टाकायचे."

"आणि आता?"

"आता कुठल्या पक्षाला कुठला जज्ज हवाय, यावर सिनेटमध्ये मारामाऱ्या. राष्ट्राध्यक्ष नेमतो, जन्मभर राहतात. केसला तीन जज्ज मिळतात, नावं आदल्या आठवड्यात कळतात. वकील लोक आधी बघतात कुणाला कुणी नेमलंय."

"मग निकाल तिथेच लागला ना, यार!"

"कधी कधी. नेहमी नाही. नेहमी असता तर मी शिकले कशाला असते?"

आत तेलाच्या रिगवरून काढून टाकलेल्या एका कामगाराची केस चालली होती. खालच्या कोर्टात तो हरला होता. त्याचा वकील उभा राहिला, पुढ्यात हिरवा दिवा लागला: वीस मिनिटं. दोन मिनिटांत मधल्या जज्जबाईंनी अडवलं. वकील सांगत होता, नंतर एक साक्षीदार सापडलाय.

"हे रेकॉर्डमध्ये कुठल्या पानावर आहे?"

"ते नंतर उघडकीला आलं, युवर ऑनर."

"मग ते आमच्यासमोर नाही."

माझ्या तोंडून निघालंच, "अहो, ऐका तरी त्याचं!" मराठीत, पण दारातल्या शिपायाला भाषेची गरज नव्हती. त्याने बोट उगारलं. मृण्मयीने वहीत लिहून माझ्याकडे सरकवलं: 'पुन्हा बोललास तर मी तुला ओळखत नाही.'

बाहेर पडून आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात तळलेल्या कोळंबीचं पो-बॉय घेतलं. पावात भरलेलं लांबलचक प्रकरण आहे, दोघांत एक पुरतं.

"हा कसला न्याय?" मी तापलोच होतो. "नवीन पुरावा घ्यायचाच नाही?"

"इथे नाही. इथे एवढंच बघतात की आधीच्या कोर्टाने चूक केली का. तेही तिथे जे बोललं गेलं, जे कागद दाखल झाले, तेवढ्यावरून. म्हणून रेकॉर्ड."

मी खिशातलं पत्र काढून टेबलावर ठेवलं. तिने ते नीट वाचलं. दोनदा.

"मस्त आहे हे. खरंच," ती म्हणाली. "पण हे रेकॉर्डमध्ये नाही ना, अनिश. आणि मी तुला कॉलेजमुळे सोडलं, हे तुला सांगितलं कोणी?"

"दुसरं काय कारण होतं?"

"तो शेवटचा फोन आठव. मी तीनदा म्हटलं, थांब, मला बोलू दे. तू चाळीस मिनिटं बोललास. मग विचारलंस, तू काहीच कशी बोलत नाहीस?"

मला तो फोन आठवत होता. माझी वाक्यं पाठ होती. तिचं एकही आठवेना.

माझ्याकडे उत्तर तयार होतं, जोरदार होतं. ते मी पो-बॉयबरोबर गिळलं. "वीस मिनिटं तुझी," म्हटलं.

ती बोलली. मी प्रोफेसरशी भांडतो तसाच तिच्याशीही भांडायचो, हे बोलली. माझा फोन आला की आधी पाणी पिऊन घ्यायची, हे बोलली. मी फारच आवडायचो, हेही. दोनदा मी तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी मी विचारलं, "मग?"

"कायम," ती म्हणाली. आधीचा निर्णय कायम. मग माझ्या राहिलेल्या बाहीवरून हात फिरवून सव्वा डॉलरच्या ट्रॅममध्ये चढली.

परतीच्या पुलावर मी एक शब्द बोललो नाही.

रिगवाल्याचा निकाल काही आठवड्यांनी आला. मी स्वतः शोधून वाचला. तो हरला, दोन विरुद्ध एक. पण त्या एका जज्जने आपली असहमती सविस्तर लिहून जोडली होती. असल्या असहमतीने आज काही बदलत नाही. कधीतरी कुणीतरी वाचेल आणि पटेल, एवढ्याचसाठी लिहितात. मला ते इतकं आवडलं की मीही माझी असहमती लिहायला बसलो. या पोस्टचा पहिला मसुदा तोच. चांगला लांबलचक झाला होता. सकाळी वाचला, तर त्यात मृण्मयी कुठेच एक वाक्यही बोलत नव्हती.

हा दुसरा आहे.