हे घर भाड्यानं दिलं तर

आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली. तालुक्याच्या कॉलेजात आमच्या सरांनी फळ्यावर ‘कुटुंबांचा उपभोग खर्च’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. हा आकडा गोळा कोण करतं, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. आता शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत सरकारी सर्वेक्षणासाठी दारोदार फिरून तो मीच गोळा करते. सरांचे उपकार मोठे आहेत.

काम साधं. तीन महिन्यांत किराणा किती, पेट्रोल किती, बाहेरचं खाणं किती. ज्यांचं घर स्वतःचं आहे, त्यांना मात्र एक चमत्कारिक प्रश्न असतो: हे घर आज भाड्यानं दिलं तर महिन्याला किती येतील? स्वतःच्या घरात राहणारा माणूस जणू स्वतःलाच भाडं देतो, असं अर्थशास्त्रज्ञ धरून चालतात. बहुतेक लोक इथे हसतात, छताकडे बघतात आणि एखादा गोल आकडा ठोकून देतात.

त्या फेब्रुवारीत एका मराठी घरी गेले होते. खूण पटेल असं काही लिहीत नाही, तशी शपथच घेतलेली असते. सकाळचे अकरा वाजले होते. बाई बोलक्या.

“ताई, खरं सांगू? भाजीपेक्षा ह्याच्या कॉफीवर जास्त जातात.”

“जायचे,” जिन्यावरून नवऱ्याचा आवाज आला. “आता घरीच करतो.”

“दोन आठवडे वर्क फ्रॉम होम आहे ना,” बाईंनी मला समजावलं.

मग मी तो प्रश्न वाचला. बाई हसल्या. “आमचं घर आम्ही कशाला भाड्यानं देऊ? काहीही विचारतात!”

“दोन हजार नऊशे चाळीस,” नवरा म्हणाला. “बेसमेंट धरून.”

इतक्या वर्षांत या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. बाईंचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग विरलं.

“तुला कसं माहीत?”

“एजंट येऊन गेला. मंगळवारी. तू बाहेर होतीस.”

“आणि जॉब?”

“कुणाकुणाला काढणार त्याची लिस्ट शुक्रवारी येतेय. मॅनेजर माझा फोन उचलत नाहीये. जॉब गेला तर व्हिसावर साठच दिवस राहता येतं, तुला माहितीये.”

आम्हाला मध्ये बोलायची परवानगी नसते. चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नसतं. मी पुढचा प्रश्न वाचला: या तीन महिन्यांत नवीन फर्निचर घेतलं का?

“सोफा,” बाई म्हणाल्या.

“रिटर्न होईल,” तो म्हणाला.

बाकीची उत्तरं बाईंनी माझ्याकडे न बघता दिली. दारापर्यंत सोडायला मात्र आल्या.

“तुम्ही परत येणार ना?”

“हो, मे महिन्यात.”

“आमच्याकडेच?”

इथे खोटं बोलता आलं असतं. पण आमच्याकडे निवड होते ती पत्त्याची. त्या घरात जो कुणी राहत असेल, त्याला विचारायचं.

“या पत्त्यावर येईन,” मी म्हटलं.

“दुसरं कुणी असलं तर? भाडं किती देता, असं विचारणार?”

“हो.”

“मग ह्याचा आकडा बरोबर होता का, ते तुम्हाला कळेल,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.